बैरूतचे संपादक

अरब राष्ट्रवाद म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो इंग्रज अधिकारी लॉरेन्स, त्याचे उंट आणि सुरुंग लावून उडवलेली हिजाझ रेल्वे. मला त्या उंटांचं कधी फारसं अप्रूप वाटलं नाही. माझी उमेदीची वर्षं पेपरच्या डेस्कवर गेली. त्यामुळे कुठल्याही चळवळीबद्दल वाचायला बसलो की पहिले प्रश्न पडतात ते आमच्या धंद्यातले. पेपर कोण काढत होतं? छपाई कुठे होत होती? वर्गणी कोण भरत होतं, आणि कोण बुडवत होतं? हे प्रश्न घेऊन बैरूत, दमास्कस आणि कैरोच्या एकोणिसाव्या शतकात शिरलं की उंट फार उशिरा भेटतात. त्याआधीची पन्नासेक वर्षं तिथे दिसतात ते खिळे जुळवणारे, प्रुफं तपासणारे, सेन्सॉरशी हुज्जत घालणारे आणि थकबाकीदार वर्गणीदारांवर करवादणारे लोक. आणि यातल्या बहुतेकांना तुर्की सुलतानाच्या उस्मानी साम्राज्यातून फुटून वेगळं अरब राष्ट्र नकोच होतं!

या शेवटच्या गोष्टीने मला पहिल्यांदा चकवलं आणि मग खिळवून ठेवलं.

१८६० च्या उन्हाळ्यात लेबनॉनच्या डोंगरात द्रूझ (इस्लाममधून निघालेला एक पंथ) आणि मारोनी ख्रिस्ती यांच्यात कापाकापी झाली. जुलैत तिचं लोण दमास्कसला पोचलं आणि तिथली ख्रिस्ती वस्ती जाळली गेली. हजारो माणसं मेली, आणि त्याहून कितीतरी अधिक बेघर होऊन बैरूतच्या आसऱ्याला आली. त्याच वर्षी सप्टेंबरात बैरूतमध्ये 'नफीर सूरिया', म्हणजे सीरियाचं रणशिंग, या नावाचं एक पत्रक निघालं. पुढच्या एप्रिलपर्यंत त्याचे ११ अंक निघाले. लेखकाचं नाव नाही. खाली सही एवढीच, 'मायभूमीवर प्रेम करणारा'. हा होता बुत्रुस अल-बुस्तानी. जन्माने मारोनी, पुढे प्रोटेस्टंट झालेला, अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर बायबलच्या अरबी भाषांतरावर काम केलेला, आणि नंतर कोश, ज्ञानकोश, शाळा असं जे हाती घेईल ते तडीस नेण्याची धडपड करणारा माणूस. आपल्याकडच्या त्या काळातल्या खटपट्या विद्वानांच्या पंगतीत सहज बसला असता.

'नफीर'मध्ये बुस्तानी गळा काढत नाही, हिशेब मांडतो. यादवीत देशाचं काय काय गेलं याची खतावणीच: मालमत्ता, व्यापार, रोजगार, आणि त्यापुढे जाऊन माणसांचा एकमेकांवरचा भरवसा. धर्म आणि राज्यकारभार यांची गल्लत करू नका, हे तो पुन्हापुन्हा बजावतो. प्रत्येक अंक एकाच हाकेने सुरू होतो, 'देशबांधवांनो'. आता या हाकेला ओ कुणी द्यायची? द्रूझ, मारोनी, ग्रीक ऑर्थोडॉक्स, सुन्नी, या सगळ्यांना एका दमात कुणी हाक मारल्याचं त्यांच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं. पुजारी आपल्या कळपाला हाक मारायचा, शेख आपल्या कुळांना, सुलतानाचं फर्मान रयतेला. ज्याला हाक मारायची तो वाचक अजून जन्माला यायचा होता, आणि बुस्तानी त्याला पत्रं लिहीत सुटला होता. त्याची मायभूमी मात्र सीरिया, आणि तीही सुलतानाच्या राज्याच्या चौकटीतली. सुलतानाशी त्याचं काही भांडण नव्हतं.

थोडं छपाईबद्दल, कारण तिथे आपलाही एक धागा आहे. १८१३ मध्ये मुंबईत येऊन बसलेलं अमेरिकन मिशन ज्या बोर्डाचं, ज्याच्या अहमदनगरच्या माणसांनी १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला, त्याच बोर्डाने माल्टा बेटावर एक छापखाना चालवला होता. त्यातला अरबी विभाग १८३४ मध्ये बैरूतला हलला. अडचण होती खिळ्यांची. अरबी अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात येतं, मध्ये दुसऱ्या, शेवटी तिसऱ्या, आणि सुटं असलं तर चौथ्या. शिवाय जोडून येणाऱ्या अक्षरांची वेगळी वळणं. युरोपात पाडलेले अरबी खिळे ओबडधोबड, सुंदर हस्तलिखितांवर पोसलेल्या डोळ्याला खुपणारे. एली स्मिथ या मिशनऱ्याने नामांकित सुलेखनकारांच्या वळणाचे नमुने जमवले, होमन हॅलक या कारागिराने स्मिर्ना शहरात त्यांचे ठसे कोरले आणि खिळे ओतले गेले लाइपझिगला. 'अमेरिकन अरबी' म्हणून हा टाइप नावारूपाला आला. वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांच्या खणांपुढे उभं राहून ज्या कंपोझिटरांच्या पिढ्या गेल्या, त्यांना यात काय दडलंय हे सांगायला नको. पेपर झटपट वाचता आला पाहिजे. अक्षर खुपलं की माणूस दुसऱ्या ओळीवर जात नाही, मग ती ओळ कितीही स्फोटक असो.

बैरूतमध्ये खलील अल-खूरीचं 'हदीकत अल-अखबार' १८५८ च्या १ जानेवारीला सुरू झालं होतं. १८७० मध्ये बुस्तानीनं 'अल-जिनान' हे पाक्षिक काढलं आणि त्याच्या मथळ्यावर ब्रीद घातलं, मायभूमीवरचं प्रेम हा श्रद्धेचाच भाग आहे. 'अल-मुक्ततफ' १८७६ चं, त्यात विज्ञान जास्त. 'अल-अहराम' त्याच वर्षी अलेक्झांड्रियात, सलीम आणि बिशारा तकला या लेबनॉनहून गेलेल्या भावांनी काढलेलं. इस्तंबूलहून फारिस अल-शिदियाकचं 'अल-जवाइब' निघायचं. खप म्हणाल तर शेकड्यांत, फार तर हजार-दोन हजार. पण खपाचा आकडा इथे फसवा आहे. एक अंक कॉफीच्या दुकानात यायचा, वाचता येणारा एक जण तो मोठ्याने वाचायचा आणि दहा-वीस जण ऐकायचे. मग तोच अंक हातोहात गावभर. संपादक वैतागून छापायचे की बाबांनो, शेजाऱ्याचा अंक वाचण्यापेक्षा वर्गणी भरा. एखाद्या वर्गणीदाराने वर्षानुवर्षं पैसे दिलेले नसायचे, तरी अंक चालूच. आमच्या वितरण विभागातल्या माणसाला हे वाचून दाखवलं असतं तर त्याने एक उसासा सोडून चहा मागवला असता.

या पेपरांनी मुद्दाम काही पेरलं असो वा नसो, एक गोष्ट आपसूक घडली. तार आली की दमास्कसची बातमी बैरूतला, बैरूतची कैरोला, आणि कैरोत छापलेला लेख पुन्हा अलेप्पोच्या पेपरात. बगदादचा माणूस पत्र लिहितोय आणि त्याला उत्तर अलेक्झांड्रियाचा वाचक देतोय. शास्त्रीबुवांची जडजंबाल अरबी सोडून सगळ्यांना कळेल असं सुटसुटीत गद्य रोजच्या घाईत तयार होत गेलं, कारण डेडलाइनला अलंकार परवडत नाहीत. सुलतानाच्या दफ्तरात हे सगळे वेगवेगळ्या प्रांतांचे आणि वेगवेगळ्या पंथांचे प्रजाजन होते. पेपरच्या पानावर ते शेजारी-शेजारी येऊन बसले.

१८८० मध्ये बैरूतच्या भिंतींवर काही पत्रकं चिकटलेली सापडली. हाताने लिहिलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम वळण बदलून. सीरियाला स्वायत्तता, अरबीला राजभाषेचा मान, आणि सेन्सॉरशिप हटवा, अशा मागण्या. जोडीला इब्राहिम अल-याझिजीच्या कवितेतल्या ओळी, अरबांनो जागे व्हा म्हणणाऱ्या. ही पत्रकं लावणाऱ्या गुप्त मंडळात 'अल-मुक्ततफ'चा एक संपादक फारिस निम्र होता. म्हातारपणी त्याने ही हकिगत जॉर्ज अँटोनियसला सांगितली आणि अँटोनियसने १९३८ च्या आपल्या इतिहासात तिथून थेट १९१६ च्या तुर्कांविरुद्धच्या अरब बंडापर्यंत एक सरळ रेघ ओढली. पुढच्या इतिहासकारांनी ती रेघ बरीच खोडून काढली: मंडळ मूठभर तरुणांचं, पत्रकांचा परिणाम किरकोळ. मी खोडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. पण मागण्यांची यादी पाहा. स्वायत्ततेच्या जोडीला सेन्सॉर येतोच. ज्यांचा रोजचा जीव त्या एका माणसाच्या लाल पेन्सिलीत अडकलेला, त्यांनीच ही यादी केली होती हे लपत नाही.

सुलतान अब्दुल हमीदचा सेन्सॉर हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. संविधान, स्वातंत्र्य, क्रांती हे शब्द वर्ज्य. १९०३ मध्ये सर्बियाचा राजा आणि राणी यांना त्यांच्याच अधिकाऱ्यांनी राजवाड्यात गोळ्या घातल्या. तुर्की पेपरांत दोघेही अपचनाने गेल्याचं छापून आलं, अशी हकिगत नेहमी सांगितली जाते. राजे लोकांना मारता येतं ही कल्पनासुद्धा प्रजेच्या कानावर नको. अलेप्पोत अब्द अल-रहमान अल-कवाकिबी सुरुवातीला सरकारी पेपरात नोकरीला होता. १८७७ मध्ये त्याने 'अल-शहबा' काढला, तो राज्यपालाने थोड्याच अंकांत बंद पाडला. दोन वर्षांनी 'अल-इतिदाल' काढला, त्याचीही तीच गत.

मग काय करायचं? कैरो गाठायची. १८८२ पासून इजिप्तवर ताबा इंग्रजांचा. तिथे छापखान्यावरचा कायदा होता, पण तिथला इंग्रज कारभारी क्रोमर याने तो वर्षानुवर्षं बासनात ठेवला, कारण सुलतानाला शिव्या देणारे पेपर त्याला जड नव्हते. निम्र आणि त्याचे सोबती कैरोत आले, १८८९ मध्ये 'अल-मुकत्तम' सुरू केला, आणि तो इंग्रजांच्या कलाने चालला. अरबी पत्रकारितेचं कुठलंही गौरवगीत जे दडपू पाहतं ते सत्य हे आहे: सुलतानाविरुद्ध मोकळेपणाने लिहिण्याची जागा एका दुसऱ्या साम्राज्याच्या वळचणीला होती. त्याच इंग्रजांनी, १८८४ मध्ये जमालुद्दीन अल-अफगाणी आणि मुहम्मद अब्दुह यांनी पॅरिसहून काढलेल्या 'अल-उर्वा अल-वुथ्का'ला मात्र इजिप्तमध्ये आणि हिंदुस्थानात बंदी केली. तो पेपर सुलतानाच्या नव्हे, त्यांच्या विरोधात होता. १८ अंकांत तो आटोपला.

कवाकिबीही अखेर कैरोला आला. जुलमी सत्तेच्या स्वभावावरचे त्याचे लेख 'अल-मुअय्यद'मध्ये निनावी छापले गेले. 'उम्म अल-कुरा' या पुस्तकात त्याने मक्केत भरलेली एक काल्पनिक परिषद रंगवली. देशोदेशीचे मुसलमान प्रतिनिधी जमलेत, त्यात एक हिंदुस्थानचाही आहे, आणि चर्चा अशा टोकाला येते की खिलाफत तुर्कांकडून काढून अरबांकडे द्यावी. १८९८ मध्ये रशीद रिदाने सुरू केलेल्या 'अल-मनार'ने हे क्रमशः छापलं. असे अंक सीरियात पोचायचे कसे? बैरूतमध्ये फ्रेंच, इंग्रज, ऑस्ट्रियन यांची स्वतःची टपाल कार्यालयं होती आणि त्यांच्या थैल्यांना तुर्की अधिकाऱ्यांना हात लावता येत नसे. साम्राज्याची सगळी पेन्सिल त्या थैलीपाशी येऊन थांबायची. कवाकिबी १९०२ मध्ये कैरोत अचानक गेला. विष घातलं, असं त्याच्या लोकांनी कायम मानलं.

२४ जुलै १९०८ ला अब्दुल हमीदला १८७६ चं संविधान पुन्हा लागू करावं लागलं आणि इस्तंबूलच्या संपादकांनी सेन्सॉरला प्रुफं दाखवायचं सोडून दिलं. तुर्कस्तानात अजून हा दिवस पत्रकारांचा म्हणून पाळतात. दोनच दिवस आधी, २२ तारखेच्या रात्री, मुंबईच्या उच्च न्यायालयात 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. दोन्ही गोष्टींचा आपसात काही संबंध नाही, पण मराठी माणसाने ही तारीख वाचली की मान आपोआप तिकडे वळते.

पुढे पेपरांचं पीकच आलं. दमास्कसला मुहम्मद कुर्द अलीचा 'अल-मुक्तबस'. संपादकाचा बाप कुर्द, आई चर्केशियन, आणि हा अरबीचा कट्टर कैवारी. हैफाला नजीब नस्सारचा 'अल-कर्मिल'. जाफाला १९११ मध्ये अल-ईसा कुटुंबातल्या दोघांचा 'फिलिस्तीन'. बैरूतला अहमद तब्बाराचा 'अल-इत्तिहाद अल-उस्मानी', म्हणजे चक्क 'उस्मानी एकी'. आणि १९०९ मध्ये 'अल-मुफीद', ज्याचा एक संपादक अब्द अल-गनी अल-उरैसी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता.

उरैसीच्या पेपरचा सूर या सगळ्यांत धारदार. तरुण तुर्कांनी, म्हणजे १९०८ मध्ये सुलतानाला नमवणाऱ्या गटाने, सत्ता हातात येताच सगळं इस्तंबूलकडे ओढायला सुरुवात केली होती. कोर्टात वादी अरब, प्रतिवादी अरब, साक्षीदार अरब, आणि कामकाज तुर्कीत. शाळेत अरब पोरांना त्यांचीच भाषा तुर्कीतून शिकवायची. अधिकारी येणार तो अरबीचा गंध नसलेला. 'अल-मुफीद' हे रोज छापत राहिला. सरकारने बंद केला की वेगळ्या नावाने उगवायचा, 'फता अल-अरब' हे त्यातलंच एक नाव. सरकारला मथळा बंद करता येत होता. संपादक तोच, वाचक तेच.

'अल-कर्मिल'मधलं एक प्रकरण मला राजकीय भाषणांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. नाझरेथजवळच्या अल-फूलाची जमीन बैरूतच्या सुर्सुक या धनाढ्य घराण्यातल्या मालकाने १९१० मध्ये ज्यू वसाहतीसाठी विकायला काढली. नाझरेथचा सरकारी प्रशासक होता शुक्री अल-असली, दमास्कसचा. त्याने खरेदीदारांच्या नावे कागद करायला नकार दिला. तिथे क्रुसेडरांशी लढलेल्या सलाहुद्दीनच्या काळातल्या किल्ल्याचे अवशेष होते. असलीने सरळ 'सलाहुद्दीन अल-अय्यूबी' याच नावाने अनावृत पत्र लिहिलं आणि ते पेपरांतून छापून आलं. सरकारी अधिकारी दिवसा फाइल अडवतोय आणि रात्री सातशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीच्या नावाने मजकूर पाठवतोय! व्यवहार थांबला नाही. १९११ मध्ये तिथे मेरहाविया ही वसाहत उभी राहिली. पण कुळं, सावकार, सातबारा छापाची ही भानगड हैफापासून दमास्कसपर्यंत सगळ्यांची झाली, आणि अल-असली त्याच वर्षी दमास्कसमधून निवडून संसदेत जाऊन तिथेही तेच बोलला.

१९१३ च्या सुरुवातीला बैरूतच्या पुढाऱ्यांनी सुधारणा समिती काढून विकेंद्रीकरणाचा आराखडा केला. एप्रिलमध्ये राज्यपालाने समिती बरखास्त केली. दुसऱ्या दिवशी बैरूतचे पेपर काळ्या चौकटीत निघाले, पानं कोरी, मजकूर फक्त बरखास्तीचा हुकूम. पान कोरं सोडणं किती अवघड असतं ते रात्रपाळी केलेल्यालाच ठाऊक. चार ओळींची जागा उरली तरी फिलर शोधत जीव अर्धा होतो.

जूनमध्ये पॅरिसला, बुलवार सें-जर्मेंवरच्या भूगोल मंडळाच्या सभागृहात, अरब परिषद भरली. अध्यक्ष अब्द अल-हमीद अल-झहरावी, इस्तंबूलहून 'अल-हदारा' काढणारा. न्यूयॉर्कच्या 'मिरआत अल-गर्ब'चा नजीब दियाब आला होता, तब्बारा होता, उरैसी तर आयोजकांतलाच. उरैसीने भाषणात मांडणी केली ती अशी की जर्मन पंडित राष्ट्राची खूण म्हणून भाषा आणि वंश मागतात, इटालियन इतिहास आणि चालीरीती मागतात, फ्रेंच राजकीय इच्छा मागतात. तिन्ही कसोट्यांवर अरब उतरतात. इतकं सगळं सिद्ध करून मागितलं काय? प्रांतांना अधिकार, संसदेत अरबीला जागा, अरब प्रांतांत ती राजभाषा. फुटून निघण्याचा ठराव नाही. याला भित्रेपणा म्हणणारे आहेत. मला वाटतं ते मनापासून तेवढंच मागत होते. बाल्कन हातचं गेलेलं, युरोपियन लचके तोडायला टपलेले, अशा वेळी साम्राज्य मोडलं तर आपलं काय होईल हे ते रोज तारांमधून वाचत होते.

मग महायुद्ध. तुर्क फ्रान्सच्या विरुद्ध बाजूला, आणि सीरियावर तुर्की सेनापती जमाल पाशा. फ्रेंच वाणिज्यदूत पिको बैरूत सोडताना दूतावासातली कागदपत्रं मागे ठेवून गेला आणि ती जमालच्या हाती लागली. कुणी फ्रेंचांशी काय बोललं होतं, सगळं त्यात. उरैसी आणि तीन सोबती वाळवंटात पळाले, बदाऊ भटक्यांच्या वेषात; हिजाझ रेल्वेवरच्या मदाइन सालेह स्थानकावर पकडले गेले. ६ मे १९१६ ला पहाटे बैरूतच्या चौकात १४ आणि दमास्कसच्या मरजा चौकात ७ जणांना फाशी दिलं. बैरूतला उरैसी, तब्बारा. दमास्कसला झहरावी, असली. उरैसी पंचविशीचा होता. 'उस्मानी एकी' नावाचा पेपर काढणाऱ्याला उस्मानी साम्राज्य फोडल्याबद्दल फास, यातला विनोद जमाल पाशाला कळला असेलसं वाटत नाही. पुढच्याच महिन्यात मक्केचा अमीर शरीफ हुसेन याने तुर्कांविरुद्ध बंड केलं. पेपरांनी अनेक वर्षं जे मागितलं नव्हतं, ते आता मागायला दुसरे लोक पुढे आले होते.

सगळेच हुतात्मे झाले नाहीत. कुर्द अली दमास्कसमध्येच राहिला आणि जमाल पाशाच्या छत्राखाली निघालेल्या 'अल-शर्क'चा संपादक झाला. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. चौकात लटकलेले आपले सहकारी ज्याने पाहिलेत त्याने दुसऱ्या दिवशी काय छापावं, हे दुसऱ्यांनी खुर्चीत बसून ठरवू नये. युद्धानंतर त्याने दमास्कसची अरबी अकादमी उभी केली आणि भाषेचं मोठं काम केलं.

तिकडे मक्केत, बंडानंतर दोनच महिन्यांत, शरीफ हुसेनचा 'अल-किब्ला' निघू लागला. संपादक मुहिब्ब अल-दीन अल-खतीब, दमास्कसचा, जुन्या वर्तुळातलाच. अरब राष्ट्राचा उल्लेख आता बिनधास्त, पानोपानी. पण अंक चाळताना जीव रमत नाही: राजाचे जाहीरनामे, राजाचं कौतुक, शत्रूच्या पराभवाच्या बातम्या. ज्याच्याशी हुज्जत घालायची तो सेन्सॉर आता स्वतःच मालक होता. १९२४ मध्ये इब्न सौदने मक्का घेतली, 'अल-किब्ला' बंद पडला आणि त्याच डिसेंबरात नव्या राजवटीने आपला पेपर काढला. नाव ठेवलं 'उम्म अल-कुरा', कवाकिबीच्या त्या काल्पनिक परिषदेचंच. तो अजून निघतो. सौदी सरकारचं राजपत्र आहे, आणि त्यात शाही फर्मानं आणि नवे कायदे छापून येतात.